घरचा आहेर: ब्रेंट स्कोक्रॉफ्ट, ऑगस्ट २००२ आणि इराक

१५ ऑगस्ट २००२ च्या ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मध्ये मतांच्या पानावर एक लेख छापून आला. मथळा होता ‘सद्दामवर हल्ला करू नका’. लेखक ब्रेंट स्कोक्रॉफ्ट, वय ७७, हवाई दलातून लेफ्टनंट जनरल म्हणून निवृत्त, जेराल्ड फोर्ड आणि थोरले जॉर्ज बुश या दोन राष्ट्राध्यक्षांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार. तेव्हा व्हाइट हाउसमध्ये धाकटे बुश होते आणि त्यांच्याच परराष्ट्र गुप्तवार्ता सल्लागार मंडळाचं अध्यक्षपद स्कोक्रॉफ्ट यांच्याकडे होतं. डेमोक्रॅट पक्षाच्या एखाद्या खासदाराने हेच लिहिलं असतं तर दुपारपर्यंत लोक विसरले असते. पण हा घरचा आहेर होता, तोही वडिलांच्या जिवलग मित्राकडून. त्यामुळे लेखात काय आहे यापेक्षा ‘हे थोरल्यांनी लिहून घेतलंय का’ याचीच वॉशिंग्टनमध्ये जास्त चर्चा झाली.

सात महिन्यांनी, २० मार्च २००३ ला, युद्ध सुरू झालं. त्याचं पुढे काय झालं ते आपण पाहिलंच आहे. ‘म्हातारा बरोबर होता’ एवढंच म्हणायचं असेल तर हे प्रकरण उघडायची गरज नाही. स्कोक्रॉफ्ट यांचे काही अंदाज सपशेल चुकले. तरी सल्ला टिकला, कारण तो अंदाजांच्या भरवशावर दिलेलाच नव्हता. जिंकल्यावर काय करावं लागेल, त्यासाठी कुणाची साथ लागेल आणि हातातलं कोणतं काम अर्धवट राहील, असा तो हिशेब होता. आणि तो वाया गेला तो उशिरा पोचला म्हणून नाही. असा सल्ला ऐकून घ्यायची जी व्यवस्था याच माणसाने घालून दिली होती, तिचा तोवर नुसता सांगाडा उरला होता.

आधी माणूस

स्कोक्रॉफ्ट युटामधल्या ऑग्डनचे, जन्म १९२५ चा. १९४७ मध्ये वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतून बाहेर पडले आणि लढाऊ वैमानिक व्हायला निघाले. १९४९ मध्ये विमान कोसळलं, पाठीचा कणा मोडला, तो मार्ग बंद झाला. मग अभ्यासाकडे वळले. वेस्ट पॉइंटमध्ये रशियाचा इतिहास शिकवला, बेलग्रेडच्या वकिलातीत काम केलं, कोलंबिया विद्यापीठातून डॉक्टरेट घेतली. निक्सनच्या काळात ते राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार हेन्री किसिंजर यांचे उपसल्लागार होते. १९७५ मध्ये फोर्डनी त्यांना सल्लागारपद दिलं, १९८९ मध्ये थोरल्या बुशनी पुन्हा दिलं. दोन वेगवेगळ्या राष्ट्राध्यक्षांनी या पदावर नेमलेला हा एकच माणूस. रात्री उशिरापर्यंत काम करायचे आणि बैठकीत डुलक्या काढायचे. बुशनी त्यावरून ‘स्कोक्रॉफ्ट पुरस्कार’च काढला होता: बैठकीत सगळ्यात झकास झोपणाऱ्यासाठी.

त्यांच्या कारकिर्दीतली या प्रकरणासाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र कंटाळवाणी वाटेल अशी आहे. रेगनच्या काळात इराण-काँट्रा भानगड झाली. व्हाइट हाउसच्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या कार्यालयातले लोक इराणला परस्पर शस्त्रं विकत होते आणि पैसा निकाराग्वातल्या बंडखोरांकडे वळवत होते. चौकशीसाठी नेमलेल्या त्रिसदस्य टॉवर आयोगात स्कोक्रॉफ्ट होते. दोन वर्षांनी स्वतः पुन्हा सल्लागार झाल्यावर त्यांनी कामाची रीतच बसवून टाकली. आधी खात्यांच्या उपप्रमुखांची समिती, मग प्रमुखांची, मग राष्ट्राध्यक्ष. परराष्ट्र खातं, संरक्षण खातं, सीआयए, प्रत्येकाचं म्हणणं वरपर्यंत गेलंच पाहिजे, विशेषतः सल्लागाराला न पटणारं. ते पोचवून झाल्यावर सल्लागाराने आपलं मत सांगावं, तेही बंद दाराआड. ही रचना पुढच्या प्रत्येक सरकारने कागदावर तरी बहुतांशी तशीच ठेवली.

त्यांचे उपसल्लागार रॉबर्ट गेट्स आपल्याकडच्या वाचकांना आठवत असतील. मे १९९० मध्ये काश्मीरवरून भारत-पाकिस्तान तणाव वाढला तेव्हा बुशनी त्यांनाच इस्लामाबाद आणि दिल्लीला धाडलं होतं.

कुवेतचा हिशेब

स्कोक्रॉफ्ट शांततावादी नव्हते. हे ठासून सांगावं लागतं, कारण २००२ नंतर युद्धविरोधकांनी त्यांना आपल्यात ओढलं. २ ऑगस्ट १९९० ला सद्दामने कुवेत घेतलं. त्या सकाळची व्हाइट हाउसमधली बैठक तेलाचे भाव आणि निर्बंध यांच्यातच फिरत राहिली, जणू कुवेत गेलं ते गेलंच. स्कोक्रॉफ्ट अस्वस्थ झाले. राष्ट्राध्यक्षांनीच आधी तोंड उघडलं तर बाकीचे माना डोलावतील, म्हणून दुसऱ्या दिवशी सुरुवात आपण करायची असं त्यांनी बुशशी ठरवून घेतलं, आणि हे आक्रमण पचवून घेता येणार नाही अशी मांडणी केली. ५ ऑगस्टला बुशनी जाहीरपणे तेच सांगितलं. म्हणजे १९९१ च्या युद्धाला दिशा देणाऱ्यांत हा माणूस अगदी पुढे होता.

पुढचे साडेपाच महिने तयारीत गेले. २९ नोव्हेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा ठराव ६७८ मंजूर झाला, त्यात इराकला कुवेत सोडायला १५ जानेवारी १९९१ ची मुदत होती. तीसहून अधिक देश आघाडीत आले. इजिप्त आणि चक्क सीरिया यांचं सैन्य सौदी वाळवंटात उतरलं. तुर्कस्तानने इराकची तेलवाहिनी बंद केली आणि इंजिर्लिकचा हवाई तळ वापरू दिला. सद्दामने इस्रायलवर स्कड क्षेपणास्त्रं डागली ती इस्रायलने उलट मारा करावा आणि अरब देश आघाडीतून फुटावेत म्हणून. अमेरिकेने पॅट्रियट क्षेपणास्त्रं पाठवली, दूत पाठवले, आणि इस्रायलला हात बांधून बसवून ठेवलं. युद्धाचा खर्च ६१ अब्ज डॉलरच्या आसपास झाला, त्यातले ५० अब्जांहून अधिक मित्रदेशांनी दिले. अमेरिकेचे लढाईत मेलेले सैनिक दीडशेच्या आत.

त्या आघाडीचं एक टोक मुंबईपर्यंत आलं होतं. जानेवारी १९९१ मध्ये चंद्रशेखर सरकारने अमेरिकी लष्करी मालवाहू विमानांना मुंबईत इंधन भरू दिलं. बातमी फुटली, बाहेरून पाठिंबा देणाऱ्या काँग्रेसने आक्षेप घेतला आणि फेब्रुवारीत ते थांबलं.

जमिनीवरची लढाई १०० तासांत आटोपली आणि बगदादकडे न जाता बुश थांबले. १९९८ साली बुश आणि स्कोक्रॉफ्ट यांनी मिळून लिहिलेल्या पुस्तकात त्याची कारणं आहेत: ठराव कुवेत सोडवण्याचा होता, पुढे गेलो असतो तर अरब देशांनी साथ सोडली असती, बगदाद ताब्यात घेतल्यावर ते चालवायचं कुणी आणि बाहेर पडायचं कसं, याला उत्तर नव्हतं. त्या वेळचे संरक्षणमंत्री डिक चेनी यांचं मतही हेच होतं. १९९४ च्या एका मुलाखतीत त्यांनी बगदादला गेलो असतो तर दलदलीत रुतलो असतो असं सांगितलं आहे. ती चित्रफीत आजही पाहता येते.

या हिशेबाची दुसरी बाजू स्कोक्रॉफ्ट यांच्या चाहत्यांना फारशी आवडत नाही. फेब्रुवारी १९९१ मध्ये बुशनी इराकी लष्कराला आणि जनतेला सद्दामला हटवण्याचं जाहीर आवाहन केलं. मार्चमध्ये दक्षिणेत शिया आणि उत्तरेत कुर्द उठले. युद्धबंदीच्या वाटाघाटीत इराकला हेलिकॉप्टरं उडवायची परवानगी मिळाली होती. सद्दामने तीच त्यांच्यावर वापरली. अमेरिकी फौजा जवळ असून हलल्या नाहीत. स्कोक्रॉफ्ट यांना लष्करी उठाव हवा होता, देश फुटायला नको होता. फुटला तर फायदा इराणचा, हे त्यांचं गणित. दहा लाखांहून अधिक कुर्द तुर्कस्तान आणि इराणच्या सीमेकडे पळाले. दक्षिणेतल्या शियांनी तो विश्वासघात विसरला नाही, आणि २००३ मध्ये अमेरिकी फौजांचं त्यांनी फुलं उधळून स्वागत केलं नाही, त्यामागे हेही होतं. ‘स्थैर्य आधी’ या भूमिकेची किंमत कुणी मोजली, तर ती बसऱ्याच्या आणि सुलेमानियाच्या लोकांनी.

लेखात नेमकं काय होतं

सद्दाम दुष्ट आहे, त्याच्याकडे महासंहारक अस्त्रं आहेत, आणखी मिळवायची त्याची धडपड आहे, तो गेला तर बरंच. लेखाची सुरुवात अशी आहे, म्हणजे समोरच्याचं जवळपास सगळं मान्य करून. मग एकेक टाका उसवायला घेतला आहे.

दहशतवादाचा टाका पहिला. सद्दाम आणि दहशतवादी संघटना यांचं नातं सांगणारा पुरावा तुटपुंजा आहे, ११ सप्टेंबरशी जोडणारा त्याहून कमी. पण स्कोक्रॉफ्ट पुराव्यावर थांबत नाहीत, स्वार्थाकडे वळतात. सद्दामला पाहिजे आहे आखातावर हुकमत. त्यासाठी इतकी वर्षं पैसा ओतून जमवलेली अस्त्रं तो अल-कायदासारख्यांच्या हाती का देईल? त्यांनी ती वापरली तर माग काढत लोक बगदादच्याच दारात येणार. हा माणूस क्रूर आहे, पण त्याला मरायचं नाही. म्हणून तो धाकात राहू शकतो. ज्यांना ना राजधानी, ना सिंहासन, ना गमावण्यासारखं काही, त्यांच्यावर धाक चालत नाही. दोघांना एकाच माळेत ओवण्यातली चूक यापेक्षा सोपी करून कुणी मांडल्याचं माझ्या वाचनात नाही.

दुसरा टाका साथीदारांचा. दहशतवादाविरुद्धची लढाई मुख्यतः गुप्तवार्ता, पोलिस आणि बँकांची. ती कराची, हॅम्बुर्ग, जकार्ता, रियाध इथे लढायची, आणि ती तिथलीच यंत्रणा लढणार. जगाच्या विरोधात जाऊन इराकवर चाल केली तर ही मदत आटेल. लेखाचा खरा कणा हा आहे, आणि तो बारकाईने वाचला गेला नाही. आघाडीला आपल्याकडेही पुष्कळदा मानमरातबाची गोष्ट समजतात: कोण आपल्या बाजूने उभं राहिलं, कुणी फोटोत हात मिळवला. स्कोक्रॉफ्ट यांना त्यातलं काही नको होतं. त्यांना हवी होती दुसऱ्या देशाच्या ठाण्यातल्या अधिकाऱ्याने रात्री उचललेल्या फोनमधली माहिती.

तिसरा युद्धाचा. ते सोपं जाणार नाही, पैसा आणि रक्त दोन्ही लागेल, आणि जिंकल्यावर मोठं सैन्य दीर्घकाळ तिथे ठेवून देश चालवावा लागेल. सद्दाम अडचणीत आला तर अस्त्रं वापरेल, कदाचित इस्रायलवर, आणि या वेळी इस्रायल गप्प बसणार नाही. पॅलेस्टाइनचा प्रश्न चिघळत ठेवून इराककडे वळलो तर अरब जगतात संताप उसळेल.

मग करायचं काय? सुरक्षा परिषदेतून कडक तपासणी आणा: कधीही, कुठेही, परवानगी न विचारता. सद्दामने नाकारली तर युद्धाला कारण मिळेल आणि ते जगालाही पटेल. म्हणजे दार पूर्ण बंद केलेलं नाही. माझ्या मते इथेच लेखाची मूठ सैल होते. ही शेवटची पळवाट वाचून आता उपराष्ट्राध्यक्ष असलेले चेनी आणि संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांनाही ‘बरं, आधी संयुक्त राष्ट्रांत जाऊन येऊ’ म्हणता येत होतं, आणि झालं तसंच.

ऐकणारं कुणी नव्हतं

त्या वेळच्या राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार काँडोलिझा राइस या स्कोक्रॉफ्ट यांनीच हेरलेल्या. स्टॅनफर्डमधल्या या तरुण प्राध्यापिकेला १९८९ मध्ये सोव्हिएत विषयाची तज्ज्ञ म्हणून त्यांनीच व्हाइट हाउसमध्ये आणलं होतं. लेख आल्यावर राइस यांनी फोन करून नाराजी सुनावली: आधी माझ्याशी का बोलला नाहीत? प्रश्न रास्त वाटतो, पण निर्णयाच्या तारखा पाहिल्या की त्यातला जोर जातो.

नोव्हेंबर २००१ मध्येच, अफगाणिस्तानची मोहीम रंगात असताना, धाकट्या बुशनी रम्सफेल्डना इराकच्या युद्धयोजनेवर काम करायला सांगितलं. जुलै २००२ च्या सुरुवातीला परराष्ट्र खात्यातले रिचर्ड हास आपल्या शंका घेऊन राइस यांच्याकडे गेले. हे हास १९८९ ते ९३ स्कोक्रॉफ्ट यांच्याच हाताखाली आखाताचा विषय सांभाळत होते. राष्ट्राध्यक्षांचं ठरलंय, आता वाद घालून उपयोग नाही, असं उत्तर त्यांना मिळालं. २३ जुलैला लंडनमध्ये ब्रिटिश गुप्तचर प्रमुखांनी वॉशिंग्टनहून परतल्यावर आपल्या पंतप्रधानांना सांगितलं की धोरण आधी ठरलंय आणि माहिती त्यानुसार बेतली जातेय. त्या बैठकीचं टिपण २००५ मध्ये फुटलं.

थोडक्यात, ऑगस्टमध्ये लेख आला तेव्हा ‘युद्ध करावं का’ या प्रश्नावर सगळ्या खात्यांना समोरासमोर बसवून राष्ट्राध्यक्षांपुढे एकही रीतसर बैठक झालेली नव्हती. ‘कसं करायचं’ यावर बैठकांवर बैठका होत होत्या. समित्या होत्या, इतिवृत्तं होती, फायली फिरत होत्या. मूळ प्रश्नच कार्यक्रमपत्रिकेवर आला नाही. दारामागे बोलण्याचं व्रत आयुष्यभर पाळलेल्या माणसाला वर्तमानपत्रात लिहावं लागलं, त्याचा अर्थ मी असा लावतो.

लेखाचा परिणाम शून्य नव्हता. २५ ऑगस्टला थोरल्या बुशचे परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांनीही ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये, आघाडीशिवाय जाऊ नका, असा सल्ला दिला. परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांचा संयुक्त राष्ट्रांत जाण्याचा आग्रह बळावला आणि १२ सप्टेंबरला धाकटे बुश तिथल्या आमसभेत बोलले. पण २६ ऑगस्टला नॅशव्हिलमध्ये माजी सैनिकांसमोर चेनींनी सद्दामकडे अस्त्रं आहेत यात शंकाच नाही असं ठणकावून सांगितलं होतं. नोव्हेंबरमध्ये सुरक्षा परिषदेत तपासणीचा ठराव १४४१ पंधरा विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला, तपासनीस इराकमध्ये गेले, आणि त्यांचं काम चालू असतानाच युद्ध सुरू झालं.

काय खरं ठरलं, काय नाही

अस्त्रं सापडली नाहीत. तिथे स्कोक्रॉफ्टही चेनींइतकेच चुकले. सद्दामने इस्रायलवर काही डागलं नाही. अरब राजवटी तेव्हा कोसळल्या नाहीत. बगदाद तीन आठवड्यांत पडलं, म्हणजे लढाईबद्दलची भीतीही फोल ठरली.

जे खरं ठरलं ते मात्र जड होतं. १ मार्च २००३ ला तुर्की संसदेने अमेरिकी फौजांना वाट द्यायला नकार दिला आणि उत्तरेकडून जाणाऱ्या आख्ख्या एका डिव्हिजनची सामग्री समुद्रात बोटींवर अडकून पडली. १९९१ मध्ये हाच देश सोबत होता. या वेळी बिलं भरायलाही कुणी पुढे आलं नाही. मे २००३ मध्ये इराकी सैन्य एका फर्मानाने बरखास्त झालं आणि लाखो शस्त्रधारी माणसं बिनपगारी रस्त्यावर आली. ज्या इराकमध्ये अल-कायदाची शाखा नव्हती तिथे ऑक्टोबर २००४ मध्ये अबू मुसब अल-झरकावी या दहशतवादी म्होरक्याने बिन लादेनशी निष्ठा जाहीर केली. अफगाणिस्तानातून माणसं आणि लक्ष दोन्ही काढून घेतलं गेलं, तालिबान सावरले. अमेरिकेचे सुमारे साडेचार हजार सैनिक मेले, इराकी नागरिकांची संख्या लाखाच्या पुढे.

दिल्लीतला जुलै

हाच हिशेब आपल्याकडेही झाला. बगदाद पडल्यावर अमेरिकेने भारताकडे एक पूर्ण डिव्हिजन मागितली, सतरा हजारांच्या आसपास सैनिक, मुख्यतः उत्तर इराकसाठी. वाजपेयींचे सल्लागार ब्रजेश मिश्र अमेरिकेशी जवळीक वाढवण्याच्या बाजूचे. मे २००३ मध्ये वॉशिंग्टनला जाऊन त्यांनी भारत, अमेरिका आणि इस्रायल यांनी दहशतवादाविरुद्ध एकत्र यावं असं भाषण केलं होतं. मंत्रिमंडळातही सैन्य पाठवू म्हणणारे होते. मोठ्या सत्तेच्या पंगतीत बसायची संधी दिसत होती. १४ जुलै २००३ ला सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समितीने संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश नसेल तर सैन्य जाणार नाही असं जाहीर केलं. पाच आठवड्यांनी, १९ ऑगस्टला, बगदादमधलं संयुक्त राष्ट्रांचं कार्यालयच बॉम्बने उडालं.

या निर्णयाचं श्रेय वाजपेयींच्या मुत्सद्देगिरीला देतात, आणि द्यावंच. पण त्यामागे चार महिने चाललेली खुली वादावादीही होती: संसदेतला ठराव, विरोधकांच्या भेटी, वर्तमानपत्रांतले अग्रलेख, लष्करातल्या निवृत्तांचे इशारे. वॉशिंग्टनमध्ये जो प्रश्न पत्रिकेवरच आला नाही तो दिल्लीत रोज चव्हाट्यावर होता.

पन्नास वर्षांची शांतता

२००५ च्या ऑक्टोबरमध्ये ‘न्यूयॉर्कर’मध्ये स्कोक्रॉफ्ट यांच्यावर दीर्घ लेख आला. चेनींना तीस वर्षं ओळखतो, पण आताचे चेनी मला ओळखू येत नाहीत, हे त्यातलं वाक्य गाजलं. मला त्यातला दुसरा प्रसंग जास्त बोलका वाटतो. राइस यांच्याशी झालेल्या संभाषणात त्या म्हणाल्या, इराकमध्ये आपण लोकशाही आणू. स्कोक्रॉफ्ट म्हणाले, नाही आणू शकणार. तुम्ही जुन्या काळात अडकलाय, त्या म्हणाल्या, पन्नास वर्षं आपण तिथल्या हुकूमशहांना सहन केलं. यावर स्कोक्रॉफ्ट यांचं म्हणणं: पण पन्नास वर्षं शांतता तर होती.

शांतता? १९६७ आणि १९७३ ची अरब-इस्रायल युद्धं, लेबनॉनचं यादवी युद्ध, १९८० ते ८८ चं इराण-इराक युद्ध, ज्यात लाखो मेले. ती शांतता अमेरिकेची होती, तेल वाहत राहिल्याची. राइस यांचा उपाय चुकला, पण त्यांनी दाखवलेलं दुखणं खोटं नव्हतं, आणि स्कोक्रॉफ्ट यांना ते कधी दुखणं वाटलंच नाही. १९९१ च्या मार्चमध्ये बसऱ्यात जे झालं ते त्यांच्या वहीत किरकोळ खर्चात जमा होतं.

जानेवारी २००७ मध्ये या गृहस्थांनी पुन्हा एकदा सगळ्यांना चकवलं. युद्धविरोधक सैन्य परत आणा म्हणत होते. ज्याचा दाखला ते रोज देत होते त्या स्कोक्रॉफ्ट यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लिहिलं की इराक स्वतःच्या पायावर उभा नसताना निघून येणं हा अमेरिकेचा मोठा पराभव ठरेल. जायलाच नको होतं, पण गेलात आणि घर मोडलंत, तर आता शेजाऱ्यांना बोलवा, पॅलेस्टाइनची बोलणी सुरू करा, आणि तोवर थांबा. कोलांटउडी म्हणून टीका झाली. २००२ चा लेख शेजारी ठेवून वाचला तर कोलांटउडी दिसत नाही: तेव्हाही प्रश्न ‘त्यानंतर काय’ हाच होता, फक्त आता तो बाहेर पडण्याला लावला होता. त्या वेळचे नवे संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स होते, १९९० मध्ये दिल्लीला येऊन गेलेले तेच.